लेक बर्फावर, मी ल्यूकनात

माझं नाव शालन. माहेर तासगावाकडचं, सासर तितनं जरा पुढं, माळावरचं गाव, पानी कमी आन वारा लई. शाळा चौथीपातूर. मालक टेम्पो चालवायचं, आन गावाभाईर पोल्ट्री निघाली तशी मी तितं कामाला लागले, कोंबड्यास्नी खाद्य घालायचं, पानी बघायचं, अंडी उचलून ट्रेत भरायची, खालचं तूस बदलायचं. सगळी उमर त्या शेडात गेली बघा. वास असा बसलेला की आंगुळ करून बी जायाचा न्हाई, पर त्याच कामावर रूपाली शिकली, माझी एकुलती एक लेक, मग वासाला नाव कशाला ठेवू.

रूपाली तासगावात शिकली, मग पुण्यात, मग म्हनली आई, आयर्लंडला चालले. म्या इचारलं तितं काय करनार, तर म्हनली पाखरांचा अभ्यास. म्या म्हनले पाखरं काय आपल्या माळावर न्हाईत व्हय? हसली. आन ती पाखरं आयर्लंडात बी न्हाईत, काय सांगू तुमास्नी, ती दुनियेच्या पार बुडाला, बर्फाजवळच्या एका बेटावर. हितल्या, आयर्लंडातल्या कॉलेजातनं ही चार-पाच मानसं जात्यात, जहाज त्येंना सोडून जातंय, आन परत येईतोवर तितंच एका खोपटात ऱ्हायाचं. फोन आठवड्यातनं एकदा, त्यो बी वारं असलं तर न्हाई.

मालक गेले, घर मोकळं झालं. तवा रूपाली म्हनली आई, तू ये, मी बेटावर जाते तवा ईराकडं कोन बघनार. ईरा माझी नात, आता शाळेत जाती. जावय निखिल, नागपूरकडचे, सोन्यासारखा मानूस, पर दिवसभर तिकडं ग्रँड कॅनाल डॉकला हापिसात, सकाळी बस धरत्यात ते अंधार पडल्यावर येत्यात. म्हंजी हितं ल्यूकनात, शेराच्या कडंच्या ह्या वस्तीत, दिवसभर घरात मी. समदी घरं एकसारखी, दारं बी एकसारखी, पयल्यांदा भाईर पडले तर माझं घर कुठलं ते मलाच कळंना. शेजारची म्हातारी हात करती, मी म्हनते ग्रँड, म्हंजी हितलं बरं हाय, ती बी म्हनती ग्रँड, झालं आमचं बोलनं. ईराला मराठी समजती समदी, पर जबाब इंग्लिशमधी. एकदा म्या ताट हुडकत हुते, तर म्हनली इट्स इन द प्रेस. आता प्रेस म्हंजी आपली इस्तरी न्हवं? म्या इस्तरीपाशी जाऊन बघत बसले. हितं कपाटाला प्रेस म्हनत्यात. हसू आलं, पर सांगू कुनाला? जावय येईतोवर इसरले.

आता ज्या साली ती बेटावरनं रडली त्या सालाचं सांगते. रूपालीचं पाखरू म्हंजी स्कुआ. तपकिरी, घारीवानी, लई भांडखोर. दुसऱ्याची पिल्लं खातंय, आन आपन जवळ गेलं की डोक्यात टोच मारतंय, म्हनून ही डोक्यावर काठी धरून चालती. पर दरसाल तीच जोडी त्याच जागी येती म्हनं. पायात रंगीत कडी घातलीत हिनं, त्यावरनं वळखती, घरच्या गुरांगत. दुपारचा फोन आला, मी कनिक मळत हुते, हात तसंच. आधी नुसता वारा. मग म्हनली आई, बर्ड फ्लू आलाय हितं.

बाई, त्यो काय असतो ते मला सांगाय नको हुतं. कारन आमच्या पोल्ट्रीत बी आल्ता त्यो, रूपाली शाळेत हुती तवा. पांढरं कपडं घालून मानसं आली, जेसीबीनं खड्डा काढला, आन दिवस मावळेतोवर शेड रिकामं. तसलं गप शेड म्या कदी ऐकलं न्हवतं.

ती सांगत हुती, आई, मान वाकडी करून पडल्यात, पंख उचलत न्हाईत, मी जवळ गेले तरी टोचत न्हाईत गं. म्या म्हनले काय औषिद? म्हनली न्हाई. हात बी लावायचा न्हाई, लांबनं बघायचं, कुठलं कडं हाय ते लिवायचं. मग रडाय लागली. मला यायचंय म्हनली. जहाज कुटनं येनार लगीच. आन मी हितं, पिठाचं हात घिऊन. मग तिनं इचारलं, आई, तवा तू काय केल्तंस? म्या म्हनले काय करनार, घरी आले, अंगावर पानी घेतलं, भाकरी थापल्या, तुझी येनी घातली. दुसऱ्या दिशी परत गेले शेड झाडाय. म्हनली, शेडात कोन न्हवतं तरी? कोन न्हवतं तरी. मग ती म्हनली ठेवू नको फोन. म्या बी ठेवला न्हाई. मधी नुसता वारा, आन मग लाइनच गेली.

जहाज आलं तवाच ती आली. वाळून काटकी, तोंडाची साल निघालेली. ईरा आई आई करत पळत गेली, तर ही दोन पावलं मागं सरली. हात लावायला भ्याल्यागत. पोर मधीच थबकली. जावय माझ्याकडं बघाय लागले, मी त्येंच्याकडं. मग म्या पोरीला उचललं आन आईच्या कडंवर नेऊन दिलं, म्हनले धर गं. धरली. लई येळ सोडली न्हाई मग.

ह्या साली परत जायाचं निघालं तवा जावय म्हनले, रूपाली, नको. दुसरं कोनीतरी जाईल. ती माझ्याकडं बघाय लागली. मला बी नको हुतं, खोटं कशाला सांगू. पर तोंडातनं आलं, जाऊ द्या तिला, कोन आलंय कोन न्हाई ते तिलाच वळखू येनार.

गेली. आन मी परत हितं, तुमी मराठी बोलनारं घरी आला म्हनून एवढं तरी बोलले. गेल्या ऐतवारी फोन आला. आई, थोडी आल्यात म्हनली. लई थोडी. एक हाय, निळ्या कड्याचं, आपल्या जुन्या जागी येऊन बसलंय, जोडीचं न्हाई आलं. वरनं कुनाचं पंख वाजलं की मान वर करतंय, आन परत खाली घालतंय. म्या इचारलं किती दिवस बसंल गं असं? म्हनली ठावं न्हाई आई, मी बघतेय.

फोन ठिवून देवापुढं बसले, तर काय मागू ते उमगंना. मग म्हनले, बाबा, जे आलंय त्याचं बरं कर. आन ज्याचं कोन आलं न्हाई, त्याला बसू दे त्याच्या जागी, हाकलू नको.