वाटणीचा सूर्य

बसा, आयाबायांनो, बसा. खांबाला टेकलेल्यांनी पुढं सरका — तुम्ही सोडलात म्हणून खांब पडायचा नाही! एक विचारते, मग आख्यान लावते. देव समोर उभा राहिला, तर हात जोडायचे की फोटो काढायचा? हसा! ज्याच्या हातात मोबाईल तोच आधी हसला, बघितलंय मी.

तर मंडळी, ऐका. साताऱ्यात शेवंताबाई आणि तिची थोरली जाऊ हिराअक्का, दोघी विधवा, एका घरात. जावा म्हटल्यावर कान टवकारलेत ना? भांडण नाही यात. रोज सांजेला दोघी चार भिंतीच्या टेकडीवर चढायच्या, मावळत्या सूर्याला हात जोडायच्या, उतरायच्या. एवढाच त्यांचा नेम.

मग अक्का न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं. खाटेवर आली. खिडकीतून टेकडी दिसायची, पण सूर्य मावळायचा तिकडं शेजाऱ्यानं इमारत चढवलेली. अक्का रडणारी बाई नव्हे. एवढंच म्हणाली, "शेवंते, माझ्या वाटणीचा सूर्य घेऊन येत जा."

आता सूर्य काय पदरात बांधून आणायचा? लेकाचा जुना कॅमेरा कपाटात होता. शेवंताबाईनं तो गळ्यात अडकवला आणि गेली निनादसरांच्या फोटो शिकवायच्या वर्गाला. सगळी पोरंटोरं, त्यात ही नऊवारीतली. पण शिकली हो! उजेड किती घ्यायचा, अंधारात कॅमेरा दगडावर टेकवून श्वास कसा धरायचा, सगळं.

अडलं कुठं? सूर्य टेकला की हिचे हात आपोआप जुळायचे! डोळे मिटायचे, कॅमेरा पोटावर लोंबकळायचा. डोळे उघडावेत तर सूर्य गेलेला. वर्गाची सहल महाबळेश्वरला गेली, तिथं तेच. रत्नागिरीला समुद्रावर गेली, तिथंही तेच. सर म्हणाले, काकू, देवाला घरी गेल्यावर नमस्कार करा की. शेवंताबाईनं ऐकून घेतलं. घरी मात्र अक्का रोज विचारायची, आणलास? आणि हिची मान खाली.

शेवटी एका सांजेला तिनं मन घट्ट केलं. हात जोडले नाहीत. बटण दाबलं. असा सूर्य आला, तांब्याच्या परातीसारखा! धावत घरी आली, अक्कापुढं धरला.

अक्कानं बघितला. "हात जोडलेस?"

"नाही."

"मग हा माझा नव्हे. असले कॅलेंडरावर ढिगानं असतात."

लागलं हो शेवंताबाईला. दुसऱ्या दिवशी टेकडीवर तिनं आधी स्वतःचे हात जोडले, मग अक्काच्या वाटणीचे जोडले. डोळे उघडले. सूर्य गेला होता. एरवी ती तडक उतरायची, घरी अक्का एकटी. त्या दिवशी पाय निघेना. रित्या हातानं काय जायचं? बसून राहिली. मग मागं वळली, तर खाली सातारा उजळायला लागलेला. एक खिडकी, दुसरी खिडकी, मग अख्खी पेठ. वर आभाळात अजून लाली. एवढ्या वर्षांत हे तिनं बघितलंच नव्हतं! कॅमेरा दगडावर टेकवला, श्वास धरला, फोटो घेतला.

घरी आल्यावर म्हणाली, "अक्का, सूर्य नाही मिळाला. गाव आणलंय."

अक्कानं चष्मा चढवला. शेवंताबाईनं बटण दाबून फोटो मोठा केला. घराशेजारची पाण्याची टाकी दिसली. टाकीच्या अंगाला एक केशरी ठिपका.

"हे काय गं?" शेवंताबाईनं विचारलं.

"माझा कंदील."

दिवाळीचा आकाशकंदील, मंडळी! होळी आली तरी अक्का तो खिडकीवरून उतरवू देत नव्हती, आणि त्यावरून शेवंताबाई तिला रोज बोलायची.

"रोज लावते सांजेला, खाटेवरनंच बटण दाबून," अक्का म्हणाली. "तू वर एकटी असतेस ना. म्हटलं, वळून बघितलंस तर घर दिसावं."

शेवंताबाईनं काय केलं असेल? कॅमेरा खाटेवर ठेवला आणि हात जोडले. अक्का म्हणाली, पुरे, चहा टाक.

आता तुमचं सांगा. हात आधी जोडा, फोटो मागनं काढा, देव रागावत नाही. पण सूर्याकडं बघताना तुमच्या पाठीमागं कुणी कंदील लावून बसलंय का, ते कधी वळून बघितलंत? नसेल बघितलं, तर आज घरी गेल्यावर आधी तेवढं करा.

आरती घ्या आता. आणि निळ्या शर्टवाल्या दादा, तो मोबाईल खिशात. टाळ्या वाजवायला दोन्ही हात लागतात.