दुसरीकडची कॉफी

अहो, पण ट्राममध्ये गरम कॉफीचा कप लपवायचा तरी कुठं, तुम्हीच सांगा! आणि कप कसा, तर लालभडक, त्यावर मार्केटातल्या त्या नव्या दुकानाचं हे एवढं मोठं नाव... आणि समोरच्या दारातून चढतंय कोण? स्तावरूला! आमच्या कोपऱ्यावरची! इतकी वर्षं मला रोज सकाळी कॉफी पाजणारी! हातात लिंबांची पिशवी.

तुम्हाला सांगतो, या मेलबर्नमध्ये माणसानं धर्म बदलावा, घर बदलावं, पण कॉफीवाली बदलू नये!

आणि मी बदलली नव्हतीच! सगळा घोळ आमच्या मेहुणीचा, नोलीनचा. सिडनीहून आलेली. 'डेस, मार्केटला चल. डेस, गरम डोनट खाऊ. डेस, चीज घेऊ, लोकरीच्या सपाता घेऊ...' घे बाई, घे! पिशव्या वाहून माझे खांदे उतरले, तर म्हणते, 'इथंच कॉफी घेऊ की. कॉफी काय, सगळीकडं सारखीच!' सगळीकडं सारखीच?! सिडनीची माणसं, दुसरं काय बोलणार! मी नको नको म्हणेपर्यंत कप हातात!

तर स्तावरूला दिसताच तो कप मी घातला कोटात. झाकण सुटलं, पोटावर कढत कॉफी... आणि तोंड हसरं! 'कसा आहेस रे, डेस?' 'मजेत!' पँटवरून टपटप थेंब... तिनं खाली पाहिलं, वर पाहिलं. तेवढ्यात आमची नोलीन म्हणते कशी, 'अहो, काय सुंदर कॉफी आहे मार्केटातली! तुम्हीपण घ्या एकदा!'

धरणी दुभंगली नाही हो, एवढंच! माझी बायको, मर्ल, गेली तेव्हा याच स्तावरूलानं आठवडाभर कोंबडीचं सूप घरी आणलं होतं, समोर बसून प्यायला लावलं होतं. आणि तिच्यापुढं मी कोटातून गळत उभा! लाज वाटली हो, खरंच लाज वाटली. म्हणून सांगतो, धर्म बदला, घर बदला...

दुसऱ्या दिवशी जीव मुठीत धरून तिच्या दुकानी गेलो. एरवी मी रस्ता ओलांडायच्या आत माझी कॉफी तयार, वर 'मफलर कुठाय, मेल्या?' आणि आज? बाई हसली. गोड हसली! तिथंच म्हटलं, संपलं. 'बोला साहेब, काय देऊ आपल्याला?' साहेब! आपल्याला! मी म्हटलं, 'अगं स्तावरूला, नेहमीचीच...' तर तिनं कप उचलला, नवख्या गिऱ्हाइकाचं नाव कपावर लिहितात तसं पेन उघडलं आणि विचारते, 'आपलं नाव?'

काय करणार? सांगितलं. आणि कॉफी... कॉफी तीच हो, फर्मास! म्हणून तर आता रोज रांगेत उभा राहतो, आणि रोज नाव सांगतो.