ओट्यामागच्या टाइल्स

हार्डवेअरच्या दुकानात पुढच्या माणसाने पिशवीतून स्वयंपाकघरातली निखळलेली टाइल काढली, तसे रांगेत मागे उभ्या असलेल्या एका शिक्षिकेचे कान तिकडे लागले.

"ओट्यामागच्या आहेत. लावतो, पुन्हा पडतात."

"जुनं सिमेंट खरवडलंत का?" दुकानदाराने विचारलं.

"खरवडायचं असतं?"

"मग धरणार कशी? गवंडी बोलवा ना."

"तो पुढच्या महिन्यात येतो म्हणाला. आईला उद्या हॉस्पिटलमधून घरी आणतोय."

"बऱ्या झाल्या वाटतं?"

"नाही. डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या. तिला एकदा आपल्या ओट्यापाशी बसायचंय."

दुकानदाराने टाइल चिकटवायच्या पावडरीचा पुडा पुढे सरकवला.

"खरवडून मग ही लावा. जन्मभर हलणार नाही."

"जन्मभराचं राहू द्या हो. सकाळपर्यंत वाळेल का?"