चार रुमालांची सहल

मंडळी, ऐका. आख्यानाला हात घालायच्या आधी मला एक सांगा – माझ्यासमोर पहिल्या रांगेत आत्ता कोण बसलंय? लाजू नका, माना उंच करून बघा. पहिल्या खुर्चीवर निळ्या चौकडीचा रुमाल. दुसरीवर पाण्याची बाटली. तिसरीवर उपरणं, त्याच्या शेजारी चष्म्याचं घर. चष्मा नाही बरं का, नुसतं घर! हनुमान जयंतीचा उत्सव, एवढा मांडव, आणि सगळा पूर्वरंग मी या मंडळींना सांगितला. श्रोते गुणी आहेत. जांभई देत नाहीत, मोबाईल वाजवत नाहीत. फक्त माना डोलावत नाहीत, एवढंच.

तर आजचा प्रश्न हाच. जागा धरली म्हणजे माणूस पोचला का? तुमचा रुमाल आत आला म्हणजे तुम्ही आत आलात का? उत्तर लगेच देऊ नका. उत्तर आमचे भालचंद्रराव देतील, आणि त्यांना ते द्यायला एक अख्खा दिवस लागला.

भालचंद्र तारळेकर. गाव आपल्याच बाजूचं, नाव सांगत नाही, नाहीतर उद्या माझ्या दारात येतील. एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक. काचेच्या खोलीत बसून 'अमुक गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे' असं सांगतात ना, तो आवाज यांचा. माणूस प्रामाणिक, कष्टाळू, घरावर जीव टाकणारा. पण एक विद्या त्याला लहानपणापासून अवगत होती – जागा धरणं! गाडी फलाटाला लागायच्या आत, चालत्या गाडीच्या खिडकीतून याचा रुमाल नेमका तिसऱ्या बाकावर. लग्नात पंगत बसायच्या आधी पाच ताटांसमोर पाच वस्तू ठेवलेल्या. एकदा तर मयताला गेला तिथेही सतरंजीवर बायकोसाठी रुमाल टाकून ठेवला होता. वैजयंतीबाईंनी तो उचलला आणि घरी आल्यावर दोन दिवस अबोला धरला.

या भालचंद्राची मुलगी ऋतुजा. दहावीची परीक्षा दिलेली. जूनमध्ये लातूरला जायचं, वसतिगृहात राहायचं, शिकवणीला बसायचं, दोन वर्षं. पोरीनं हट्ट असा कधी केला नव्हता. जानेवारीत एकदाच म्हणाली, "बाबा, परीक्षा झाली की त्या मायालोकला जाऊ या ना. तिथं एक मोठी होडी आहे. वरून पाण्यात येते. एका होडीत सहा जण बसतात. आपण पाचजणं. मला बाकी काही नको, सगळे एका होडीत बसू."

मायालोक! घाटाखाली ती मौजेची नगरी आहे – पाळणे, पाण्याचे खेळ, भुताचा वाडा. नाव मी ठेवलेलं नाही हो. मी ठेवलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, महाराज ओढूनताणून वेदान्त आणतात.

भालचंद्राला मनापासून वाटलं, पोर जाणार आहे, हे एवढं झालंच पाहिजे. आणि माणसाला मनापासून वाटलं की तो काय करतो? तक्ता करतो. फेब्रुवारीत याचा तक्ता तयार. 'मे महिन्यात गर्दी, म्हणून मे नको. एप्रिलचा पहिला आठवडा – इतर शाळांच्या परीक्षा चालू, शुक्रवारला जोडून सुट्टी. कोणीही नसणार.' खाली दुहेरी रेघ मारली. मंडळी, हाच विचार, अगदी याच शब्दांत, त्याच आठवड्यात, नाशकापासून कोल्हापूरपर्यंत प्रत्येक बापानं केला होता. मे महिन्यात गर्दी असते म्हणून सगळा महाराष्ट्र एप्रिलमध्ये गेला. सगळेच हुशार निघाले, काय करणार?

निघाली मंडळी. भालचंद्र, वैजयंतीबाई, ऋतुजा, वैजयंतीबाईंचा भाऊ जयवंत, आणि भालचंद्राची आई आक्का. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखरे, जीभ शाबूत. सकाळी साडेनऊला दारात पोचले आणि भालचंद्राच्या तोंडचं पाणी पळालं. माणसंच माणसं! ऊन असं की टोपीखाली डोकं शिजावं. एकेका खेळापुढं लोखंडी कठड्यांतून रांग वळतेय, परत वळतेय, परत वळतेय.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, चला, होडीच्या रांगेत उभे राहू, पोरीची इच्छा पुरवू, झाडाखाली डबा खाऊ, घरी जाऊ. पण हा नियंत्रक. यानं खिशातून तक्ता काढला आणि आपल्या घराच्या पाच फेऱ्या केल्या.

"वैजू, तू त्या उलट्या पाळण्याच्या रांगेत. जयवंत, तू भुताच्या वाड्यापाशी. ऋतू, तू होडी धर. आक्का, तू त्या नाट्यगृहात बस, चारचा जादूचा खेळ आहे. आपल्या जागा धर."

आणि आक्काच्या हातात दिले चार रुमाल. इस्त्री केलेले!

"अरे, आत्ता साडेदहा वाजलेत," आक्का म्हणाली.

"म्हणून तर पुढची रांग मिळेल."

"आणि तू रे?"

"मी सगळीकडे लक्ष ठेवतो. ज्याचा नंबर जवळ येईल त्यानं फोन करायचा. आपण सगळे तिथं जायचं. दिवसभरात सगळे खेळ होतात का नाही बघ."

जयवंत म्हणाला, "दाजी, आपण सहलीला आलोय की बंदोबस्ताला?" पण गेला बिचारा. मेव्हण्याचं कोण ऐकतं?

आता गंमत ऐका. तक्त्यात एकेक नंबर तासातासाच्या अंतरानं येणार होता. पण रांगांना तक्ता दाखवायचा राहून गेला. साडेबाराला तिन्ही रांगा एकदम पिकल्या! इकडून वैजयंतीबाईंचा फोन, "अहो, माझ्यापुढं दहाच माणसं आहेत, या लवकर." तिकडून जयवंत, "दाजी, मला आत ढकलताहेत." आणि ऋतुजा, "बाबा, मी अगदी पुढं आले. या ना."

भालचंद्र धावला. आधी बायकोकडे, कारण तीच आधी ओरडली. कठड्यातून आत शिरायला लागला तर मागचे गृहस्थ म्हणाले, "ओ काका, मागून या." हा म्हणतो, "आमची जागा धरलेली आहे." तिथं गणवेशातली एक मुलगी उभी होती, विशीबाविशीची. शांतपणे म्हणाली, "काका, इथं जो उभा राहतो तोच बसतो. जागा धरता येत नाही."

मंडळी, हे वाक्य मोठमोठ्या ग्रंथांत शोधून सापडायचं नाही, आणि त्या पोरीनं ते दिवसातून चारशे वेळा, तेही फुकट, सांगितलं होतं. ऐकलं कोणी? भालचंद्र वाद घालत बसला. तोवर मागच्या रेट्यानं वैजयंतीबाई पुढं गेल्या, पट्टा लागला, आणि माळ्यावरचा डबा काढायला जिला स्टुलावर चढायची भीती, ती बाई डोकं खाली पाय वर अशी आभाळात गेली. शेजारी जळगावचे एक अनोळखी गृहस्थ. त्यांचा दंड तिनं असा धरला की उतरल्यावर त्यांच्या मंडळींनी विचारलं, "या कोण?" जयवंत भुताच्या वाड्यात एकटाच गेला आणि बाहेर येऊन बाकावर पाणी पीत बसला. विचारलं तर म्हणाला, "भुतं बरी होती. एकत्र होती."

आणि ऋतुजा? ती होडीच्या तोंडाशी. बापानं सांगितलेलं – जागा सोडायची नाही. होडी आली. ती मागच्यांना म्हणाली, "तुम्ही जा पुढं, माझ्या घरचे येताहेत." दुसरी आली. "तुम्ही जा." तिसरी, चौथी. लोकांची पोरं आईबापांच्या मांडीवर बसून, किंचाळत, भिजत जाताहेत, आणि ही कठड्याला धरून उभी. शेवटी तिथला माणूस म्हणाला, "ताई, बसायचं तर बसा, नाहीतर बाहेर व्हा." ती बाहेर झाली.

भालचंद्र घामाघूम होऊन पोचला तेव्हा ती पायरीवर बसली होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"अकरा होड्या सोडल्या मी, बाबा."

"अगं, मग बाराव्या होडीत तू तरी बसायचंस."

"मला होडीत नव्हतं बसायचं. तुमच्याबरोबर बसायचं होतं."

आता कुठल्याही शहाण्या बापाचे इथं डोळे उघडतील की नाही? उघडतील ना? तुम्हाला काय वाटतं? यानं तक्ता काढला. "थांब, अजून वेळ आहे. तू परत रांग धर, तोवर मी चारच्या खेळाचं बघतो." हसू नका! आपलंच घर आठवून बघा आणि मग हसा.

बायकोला आणि मेव्हण्याला गर्दीतून हुडकून हा नाट्यगृहात शिरला तेव्हा साडेचार झाले होते. आत खेळ रंगलेला. आणि दुसऱ्या रांगेत, आक्काच्या आजूबाजूच्या चार खुर्च्यांवर कोण? एक लेकुरवाळी बाई, तिची सासू आणि तीन पोरी. आक्का त्यांतल्या एकीला मांडीवर घेऊन टाळ्या वाजवतेय.

भालचंद्राचा संताप संताप झाला. कुजबुजत ओरडला, "आक्का, जागा देऊन टाकल्यास? सकाळपासून धरलेल्या?"

आक्कानं पदराच्या गाठीतून चार रुमाल काढले आणि त्याच्या हातावर ठेवले. म्हणाली, "भाल्या, साडेअकराचा खेळ झाला, दीडचा झाला. दोन्ही मी या चार फडक्यांच्या सोबतीनं बघितले. त्या जादूगारानं टोपीतून कबूतर काढलं, मी दाखवायला वळले, तर शेजारी रुमाल. उभी माणसं येऊन विचारायची, आजी, इथं कोणी आहे का? मी 'आहे' म्हणायची. दोन वेळा खोटं बोलले तुझ्यापायी. तिसऱ्यांदा नाही बोलवलं."

भालचंद्र रुमाल मोजायला लागला, पण आक्काचं संपलं नव्हतं.

"तुझी लेक जूनमध्ये जाईल. मग काय, तिच्या ताटावर रुमाल टाकून जेवणारेस?"

मंडळी, एवढ्या गर्दीत, एवढ्या गोंगाटात त्या माणसाला काही ऐकू येईनासं झालं. हातातले रुमाल तेवढे दिसत होते. इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती.

गेले सगळे होडीकडे. ऋतुजा रांगेच्या मध्यावर पोचली होती. धडा शिकलेला माणूस, या वेळी कठड्यात शिरला नाही. बाहेरून हाक मारली, "ऋतू, आम्ही शेवटाला उभे राहतोय." पोरीनं पुढं बघितलं, मागं बघितलं, आणि दोन-तीन तासांची कमावलेली जागा सोडून सरळ शेवटाला आली. पाचही जणं पहिल्यांदा एका ठिकाणी उभी राहिली. आक्का जमिनीवर बसली, डबा उघडला, दशम्या आणि शेंगांची चटणी निघाली. जयवंतानं उलट्या पाळण्यातल्या बहिणीची नक्कल केली. वैजयंतीबाईंना हसून ठसका लागला. जळगावची मंडळी योगायोगानं पुढंच होती, त्यांनीही दशमी घेतली. दंड चोळत घेतली, पण घेतली!

आणि मग होडी मिळाली? तुम्हाला वाटतं मिळावी. मलाही वाटतं. साडेसहाला घंटा झाली, होडीवरचा तो माणूस म्हणाला, "बस्स, शेवटची गेली." यांच्यापुढं अजून सत्तर माणसं होती. एप्रिलमध्ये कोणीही नसतं ना!

होडी राहिली ती राहिलीच. पोरीनं एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि बापाला तेच लागून राहिलं.

जून आला. लातूरची गाडी याच्याच स्टँडवरून सुटणार. यानंच ती पुकारली, आवाज जरा बसला होता एवढंच. मग खोलीला कडी घालून फलाटावर आला. सवयीनं हात खिशात गेला. रुमाल काढला, खिडकीतून टाकला, नेमका तिसऱ्या बाकावर. ऋतुजा खिडकीशी बसली. शेजारच्या रुमालाकडे बघून म्हणाली, "बाबा, हा कोणासाठी? माझी बॅग वर ठेवलीय."

भालचंद्र गाडीत चढला. रुमाल उचलला, घडी मोडली, कपाळ पुसलं आणि तिथं बसला. "उरलेल्या दिवसाची रजा टाकलीय," म्हणाला. जन्मभर ज्यानं लोकांसाठी जागा धरल्या, तो धरलेल्या जागेवर पहिल्यांदा स्वतः बसला, आणि लातूरपर्यंत उठला नाही. पोरीनं वाटेत त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. वरून पाण्यात येणारी होडी नव्हती ती, खड्ड्यातून जाणारी गाडी होती. पण शेजारी माणूस होतं.

तर मंडळी, उत्तर मिळालं? आता जरा तुमच्याकडे वळतो. घरात आईच्या खोलीत मोठा टीव्ही लावून दिलाय – रुमाल. पोरांना चांगल्यातली चांगली शाळा बघून दिलीय – रुमाल. देवाला पाच किलोचा हार पाठवलाय, नावासकट – तोही रुमालच. सगळीकडे जागा धरून ठेवलीय, आणि आपण कुठं आहोत? दुसऱ्याच रांगेत!

आज ज्याचा जन्मदिवस, त्या मारुतीरायाकडे बघा. रामासमोर बसला तो बसलाच. तिथं शेपूट ठेवून प्रसादाच्या रांगेत गेला, असं कुठल्या पोथीत आहे?

मागं खांबाला टेकून उभ्या असलेल्या आजीबाई, हो, तुम्हीच, या पुढं. पायाला रग लागली असेल. तो निळ्या चौकडीचा रुमाल उचला आणि बसा. कोणाचा आहे विचारू नका. आमच्या उत्सव समितीच्या अध्यक्षांचा आहे. ते मघापासून चहाला गेलेत. आले की म्हणावं, इथं जो असतो तोच बसतो.

बसलात? ऐसपैस बसा. आता टाळी वाजवायला समोर दोन हात तरी आहेत. म्हणा माझ्याबरोबर – सियावर रामचंद्र की जय!