डब्यातला एक लाडू

माझ्यावर कुणी इस्वासच ठेवला न्हाय, बायांनो. बारामतीच्या पार्सल कंपनीत मी लोकांच्या लाडवाच्या डब्यांवर कापड शिवायची. इंदापूरची गिऱ्हाइकं एसटीडीवरून वरडायची, "एक लाडू कमी हाय!"

मालकाचा पोरगा मॅनेजर. म्हणला, "मावशी, उद्यापासनं येऊ नका." तक्रारवहीत माझं नाव लिवाया बसला.

"अरं, कुणीतरी उसवून परत शिवलंय. टाकं माझं न्हाईत!"

टाकं दाखवाया त्याला वढतच डब्यांच्या गोदामात नेलं. तितं सुई घेऊन मालकच बसल्यालं, तोंडात लाडू! मी म्हणले,

"तात्या, तुमी?"

"सायकलीवर डबं पोचवून कंपनी काढली. तवा परत्येक घर एक लाडू हातावर ठेवायचं. हक्काचा हाय माझा."

पोरानं वही फुडं केली. "मावशी, वहीत आता काय लिवू?"

"बापाचं नाव लिव की! ज्ञानदेव."