मध्यस्थाचं बोट

अनाएली : मामा, मी एवढंच विचारलं की आइकाच्या बाबांनी सूप प्यायलं का.

बरिकी : सुपाला त्यांनी मान दिला.

अनाएली : म्हणजे प्यायले का?

बरिकी : वाटी हातात घेतली. वाफ घेतली. म्हणाले, इतक्या उंचावर केळ्या-मटणाचं असं सूप करणारा आचारी अख्ख्या मारांगू गावात दुसरा नाही.

अनाएली : आणि?

बरिकी : आणि वाटी परत दिली.

अनाएली : भरलेली?

बरिकी : थेंबभर सांडली नाही.

अनाएली : काल होरोंबोच्या झोपडीत तुम्ही मला सांगितलंत, बाबा हलकं जेवले.

बरिकी : हलकंच होतं. जेवले ते थोड्या वेळात बाहेर आलं. मग पोट हलकं नाही तर काय राहणार?

अनाएली : ओकले?

बरिकी : मुलीच्या बापासाठी असा शब्द वापरत नाहीत, भाच्या.

अनाएली : आणि आज सकाळचं? ‘बाबा जरा विचारात आहेत’?

बरिकी : ते म्हणाले, डोक्यात चर्चची घंटा वाजतेय आणि वाजवणारा थांबत नाही. आता हे मी तुला जसंच्या तसं आणून देऊ? मध्यस्थाचं काम काय? इकडचं कडू तिकडे गोड करून न्यायचं, तिकडचं इकडे. तुझ्या आईनं मला नेमलंय ते त्यासाठीच. माझ्या हातून जमलेलं एकही लग्न अजून मोडलेलं नाही.

अनाएली : मी लग्नाचं विचारत नव्हतो. डोक्याचं विचारत होतो.

बरिकी : मग स्वतः विचारायचं होतंस.

अनाएली : कसं विचारणार? बोलणी पुरी होईपर्यंत मुलानं मुलीच्या बापासमोर तोंड उघडायचं नाही, हे खाली फाटकापाशी बजावलं कुणी? तुम्हीच. बाबा म्हणाले, लेक आइका द्यायच्या आधी मुलाचं काम बघायचंय, डोंगर चढायला येणाऱ्या पाहुण्यांबरोबर मलाही वर ने. मी हो म्हटलं. तेसुद्धा तुमच्याच तोंडून. तेव्हापासून मी होणाऱ्या सासऱ्याच्या दहा पावलं पुढे चालतोय आणि मान वळवत नाहीये. गाईड आहे मी, मामा. डोंगरावर माझं कामच मागे वळून बघायचं आहे.

बरिकी : त्यांना आवडलं ते. म्हणाले, मुलगा खालमानेचा आहे.

अनाएली : रक्तातला प्राणवायू मोजायला बोटाला लावायचं यंत्र दिलं होतं तुमच्याकडे. तुम्ही आकडा आणून सांगितलात. चांगला होता.

बरिकी : छान होता.

अनाएली : कुणाच्या बोटाचा?

बरिकी : त्यांची बोटं गार पडली होती. यंत्राला काही सुचेना. मग सुचलं ते इतकं कमी होतं की चेअरमनच्या नावापुढे मांडायची मला लाज वाटली.

अनाएली : मामा, कुणाच्या बोटाचा?

बरिकी : माझ्या. माणूस इतकी वर्षं कॉफी सोसायटीचा चेअरमन होता, अनाएली. त्याला शोभेल असा आकडा नको?

अनाएली : खोकला आहे का? जसा ऐकलात तसा सांगा.

बरिकी : आहे.

अनाएली : कोरडा?

बरिकी : ओला. माळ ओलांडताना सुरू झाला. आता इथे वरच्या झोपडीत आल्यापासून आडवे होत नाहीत, भिंतीला टेकून बसलेत. उजीची पेज रटरटायला लागली की पातेल्यातून येतो ना, तसा आवाज येतोय छातीतून. मी म्हटलं, वारा आहे बाहेर, त्याचा असेल.

अनाएली : फुप्फुसात पाणी चढलंय त्यांच्या. वाऱ्याचा आवाज नाही तो. उजेड आहे तोवर खाली न्यायला हवं. आत जा आणि सांगा, आत्ता खाली चला, नाहीतर मराल.

बरिकी : हेच शब्द?

अनाएली : हेच. साखर घालू नका. मी हमालांना स्ट्रेचर काढायला सांगतो.

…

अनाएली : आलात? काय म्हणाले?

बरिकी : आभार मानले.

अनाएली : कशाचे? तुम्ही सांगितलंत काय?

बरिकी : म्हटलं, मुलाकडच्या मंडळींना असं वाटतं की आपल्या प्रकृतीला खालची हवा अधिक मानवेल. म्हणाले, सूचना चांगली आहे, पुढच्या बैठकीत घेऊ.

अनाएली : मामा.

बरिकी : जीभ वळत नाही रे. ओठांपर्यंत तुझंच वाक्य होतं. त्यांचा चेहरा बघितला आणि दुसरं बाहेर पडलं. ओठ निळे दिसतात त्यांचे.

अनाएली : बाजूला व्हा.

बरिकी : आत जाऊ नकोस. थेट बोललास की बोलणी मोडली. आधीच ते म्हणालेत, आइकाचं उत्तर शिखरावरून उतरल्यावर देईन. चर्चमध्ये उभं राहून सगळ्यांना सांगून आलेत की वर जातोय. आज तू त्यांना मागे फिरवलंस तर जे उत्तर येईल ते मला गोड करूनही सांगता यायचं नाही. तिच्या आईला दिलेली ब्लँकेटं परत येतील. बोकड परत येईल.

अनाएली : बोकड येईल हो. ते येणार नाहीत.

[अनाएली दार ढकलून आत जातो.]

बाबा : दार लावा. वारा येतो. कोण?

अनाएली : गाईड.

बाबा : गाईडला मी… पाठमोरा ओळखतो. बरिकी कुठंय?

अनाएली : बाहेर. बाबा, खाली जायचंय. आत्ता.

बाबा : मुलाकडच्यांनी थेट बोलायची… रीत नाही.

अनाएली : तुमच्या सोसायटीचं पूर्ण नाव एका दमात सांगा.

बाबा : कशाला?

अनाएली : सांगता आलं तर मी स्वतः तुम्हाला शिखरावर नेतो. मध्ये श्वास घ्यायचा नाही.

बाबा : मामबा विभाग डोंगरउतार… कॉफी…

अनाएली : पुढे? उत्पादक राहिले. सहकारी राहिली. खरेदी-विक्री राहिली.

बाबा : नाव लांबच आहे. मी तेव्हाही… विरोध केला होता.

अनाएली : उठा, बाबा.

बाबा : कॉफीच्या झाडांत उभं राहून मान वर केली… की हा डोंगर. जन्मभर. जगातली माणसं येऊन चढून गेली. आमच्या गावचे त्यांच्या बॅगा… घेऊन गेले. मी खालीच. बैठका घेत.

अनाएली : पुढल्या वर्षी आणतो. हळू आणतो. जास्त मुक्काम करू.

बाबा : होणाऱ्या जावयानं हुकूम सोडला आणि म्हातारा उतरला, असं म्हणतील. मग त्या जावयासमोर… माझ्या मुलीनं कसं बोलायचं? तिचा बापच बोलू शकला नाही.

अनाएली : मग मागणी मागे घेतो.

बाबा : काय?

अनाएली : आइकासाठी घातलेली मागणी मागे घेतली. आता मी मुलाकडचा कुणी नाही, नुसता गाईड आहे. गाईडचं ऐकून उतरण्यात कमीपणा नाही. मोठमोठे लोक उतरतात.

बाबा : आइकाला विचारलंस?

अनाएली : तिला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा. तुझ्या बापाला वर नेलं आणि परत आणलं नाही, हे मी कुठल्या मध्यस्थाकरवी कळवू?

बाबा : त्या स्ट्रेचरला… एकच चाक असतं म्हणतात.

अनाएली : एकच. धक्के बसतील. चौघं धरतील, मी डोक्याशी असेन.

बाबा : आणि ते पाहुणे? वर जायचे आहेत ते?

अनाएली : माझा सहायक नेईल त्यांना. मी तुमच्याबरोबर उतरतोय. होरोंबोला नाही थांबायचं. श्वास मोकळा होईपर्यंत उतरायचं.

बाबा : हं.

अनाएली : हात द्या.

बाबा : थांब. आधी बूट. नाडी बांध. वाकलं की डोळ्यांपुढे अंधार येतो. परवापासून तुझा मामा बांधतोय.