विनायकच्या बोटीचे स्क्रू

नमस्कार. सुनीतावहिनी, विनायकची लेक केतकी, आणि आपण सगळे. मिश्राजी, मैं आज मराठी में ही बोलूँगा, हिंदी में मुझसे होगा नहीं. मराठीतही कितपत जमेल, माहीत नाही. विनायक केळुसकरला जाऊन आज बारा दिवस झाले, आणि त्याच्याविषयी माइकवर बोलायची वेळ माझ्यावर यावी, हे मला अजून पटत नाही.

मी सदानंद. आम्ही दिल्लीत, आर. के. पुरममध्ये सव्वीस वर्षं समोरासमोर राहिलो. रिटायर झाल्यावर नोएडात फ्लॅट घेतले, तेही याच सोसायटीत. वहिनी म्हणायच्या, या दोघांची बदलीसुद्धा जोडीनं होते.

त्याची बोट तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. खाली पार्किंगमध्ये, त्याच्या गाडीच्या जागेवर. गाडी बाहेर उन्हात आणि प्लायवूडची बोट सावलीत. गार्डनं पहिल्याच दिवशी विचारलं, साहब, यहाँ पानी कहाँ है? विनायक म्हणाला, पानी के पास हम जाएँगे.

आणि तो खरंच जाणार होता. वेंगुर्ल्याच्या बाजूला त्याचं घर आहे, घराला लागून खाडी. वहिनींचं माहेर खाडीच्या पलीकडे. सगळं आयुष्य दिल्लीत गेलं, आता हिला स्वतः वल्हवत माहेरी नेणार, असं तो म्हणायचा. बोट झाली की सामानाच्या ट्रकमध्येच ती चढवायची आणि दोघांनी कायमचं गावी जायचं. ठरलं होतं.

मग झालं काय? स्क्रू झाले. हो, स्क्रू.

माझी नोकरी माल तपासण्यात गेली. सरकारी खरेदीचा माल पास करायचा की परत पाठवायचा, हे मी ठरवायचो. विनायकनं मला विचारलं, सदा, फळ्या कशानं जोडू? झालं. मी फाइलच उघडली. साधे लोखंडी नकोत, गंजतील. पितळेचे दिसायला छान, पण खाऱ्या पाण्यात ठिसूळ होतात, डोकं तुटून हातात येतं. तांब्याचे खिळे मऊ पडतील. स्टेनलेस स्टील ठीक, पण कुठल्या ग्रेडचं? मी त्याला सगळ्यांचे नमुने आणायला लावले. बाल्कनीत मिठाच्या पाण्याच्या चार बरण्या ठेवल्या. वहिनी वैतागल्या. म्हणाल्या, भावजी, लोणच्याला बरणी उरली नाही घरात.

विनायक हसायचा. यार सदा, म्हणायचा, अरे ही बोट काही समुद्र ओलांडणार नाही. वापरली की ओढून अंगणात ठेवायची. सांध्यांत इपॉक्सीचा गोंद भरतोयच. चांगलं स्टील आणतो, चलो, बात खतम. बिल्कुल बरोबर बोलत होता. मी म्हणायचो, थांब, अजून एक महिना बघू.

एक महिना. मग अजून एक महिना. पितळ लालसर पडलं, लोखंडाचा तर चिखल झाला. स्टील जसंच्या तसं राहिलं. दिवाळी झाल्यावर त्यानं चावडी बाजारातून चांगल्या स्टीलच्या स्क्रूचं खोकं आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. म्हणाला, साहेब, पास करा. डिसेंबरअखेर ट्रक सांगतो.

डिसेंबरअखेर. म्हणजे हा खरंच निघाला.

मी खिशातून चुंबक काढलं. स्क्रू त्याला लागला. जेमतेम, पण लागला. मी म्हणालो, विनायक, चांगल्या स्टीलला चुंबक लागत नाही, भेसळ आहे. परत कर.

मंडळी, हे मला आज सांगायलाच हवं. स्क्रू घडवताना स्टील दाबलं जातं, त्यामुळे चांगल्या मालालाही चुंबक थोडंसं लागतं. हे मला माहीत होतं. नोकरीत शंभर वेळा मी असा माल पास केला आहे. विनायकला ते माहीत नव्हतं. त्यानं एक शब्द विचारला नाही. अच्छा, तू म्हणतोस तर नको, एवढंच म्हणाला, आणि खोकं पिशवीत घालून मेट्रोनं परत द्यायला गेला.

मी असं का केलं? माझी बायको गेल्यापासून माझा रविवार म्हणजे ती पार्किंगची जागा होती. तो रंधा मारायचा, मी स्टुलावर बसून चुका काढायचो. अकराला वहिनींचा चहा यायचा. ट्रक निघाला असता तर मी कुठे जाणार होतो? मला वाटलं, एक हिवाळा. एकच हिवाळा अजून राहू दे याला. उन्हाळ्यात मीच स्क्रू आणून देईन.

मी त्याला सरळ सांगू शकलो असतो. विनायक, तू जाऊ नकोस, मला करमणार नाही. तो रागावला नसता. कदाचित म्हणाला असता, चल, तूही चल गावाला. मी ते तोंडातून काढलं नाही. चुंबक काढलं.

जानेवारीत त्याच्या छातीत दुखलं. हॉस्पिटलच्या वाटेवर, गाडीत, माझा हात धरून तो म्हणाला, सदा, तुझ्यामुळे बोट पक्की होणार बघ. मी मान हलवली. तेव्हाही खरं बोललो नाही.

परवा वहिनींनी मला विचारलं, भावजी, एवढ्या चांगल्या बाजारात यांना चांगला माल कसा मिळाला नाही हो? आज सगळ्यांसमोर उत्तर देतो.

वहिनी, माल चांगला होता. तुम्ही दोघं नव्या वर्षाला तुमच्या घरी असता. मी तुम्हाला जाऊ दिलं नाही.

माफी मागायचा मला हक्क नाही, तरी मागतो. आता आपण सगळे उभं राहू या आणि दोन मिनिटं कुणीही काही बोलू नये. मी जे त्याला तेव्हा सांगायला हवं होतं, ते मला तेवढ्यात सांगून घेऊ द्या.